दुसरी किल्ली

तेविसाव्या वर्षी माझ्याकडे दोन किल्ल्या होत्या. एक माझ्या पिवळ्या कुलपाची, दुसरी मामाच्या लाल कुलपाची. पहिली कंपनीनं दिलेली. दुसरी मी हट्टानं करून घेतलेली, आणि ती माझ्याकडे आहे हे मला नि मामाला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

मामा आणि मी लिफ्ट दुरुस्त करायचो. मामाला या कामात पस्तीस वर्षं झाली होती, मला तीन. डिप्लोम्याचा कागद घेऊन पहिल्या दिवशी कामावर गेले, तेव्हा मामा मला गच्चीवरच्या मशीनरूममध्ये घेऊन गेला. त्यानं मेन स्विच खाली ओढला, त्याच्या कडीत आपलं लाल कुलूप अडकवलं आणि म्हणाला, "आता तुझं लाव."

"एक आहे ना, मग दुसरं कशाला?"

"भाचीबाई," मामा म्हणाला, "एका ताटात जेवू, एका छत्रीत जाऊ, पण कुलूप आपापलं लावू."

मामाला असं जुळवून बोलायची खोडच आहे. हातात पाना असला की तोंडात यमक असतं.

रीत साधी. लिफ्टची गाडी ज्या उभ्या पोकळीतून वरखाली करते तिला आम्ही विहीर म्हणतो. विहिरीत जो उतरणार त्यानं आपलं कुलूप त्या कडीत अडकवायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची. बाहेर आलं की आपलं आपण काढायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत स्विच वर होत नाही. कुलूप लटकतंय म्हणजे आत माणूस आहे. साहेब येवो नाहीतर साहेबाचा बाप येवो, दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही.

आणि मी तर किल्लीच करून घेतली होती.

त्याचं असं झालं. सहा-सात महिन्यांपासून मामा विसरायला लागला होता. आधी पक्कड विसरला, मग चष्मा. मग एकदा काम उरकून आम्ही घरी आलो, हात धुऊन ताटावर बसलो, आणि फोन आला की दवाखान्याची लिफ्ट अजून बंदच आहे, लाल कुलूप लटकतंय. मामा भरल्या ताटावरून उठून गेला. महिन्याभरानं पुन्हा तेच. साहेबांनी लेखी दिलं: तिसऱ्यांदा झालं तर गोदामात बदली. गोदामात म्हणजे खुर्चीत बसून दिवसभर खोकी मांडायची. पोहणाऱ्या माशाला उचलून फळीवर ठेवावं, तसं.

माझे वडील लवकर गेले. आई मला घेऊन भावाकडे आली. ती सकाळच्या पाळीला जायची, म्हणून शाळेच्या वेळी माझ्या वेण्या मामा घालायचा. तारा वळायची सवय हाताला. वेण्या अशा करकचून बसायच्या की माझ्या भुवया कपाळात चढायच्या. वर्गात सगळी मला 'चकित' म्हणायची. असा मामा. त्याला कुणी फळीवर ठेवायला निघालं तर मी बघत बसणार होते का?

मीच म्हटलं, "मामा, तुझ्या किल्लीची एक जोडी मला करून दे. तू विसरलास तर मी काढीन. कुणाला कळणारही नाही."

मामानं आपली किल्ली पुसून परत खिशात ठेवली. "हे बरं नव्हे गं," एवढंच म्हणाला. पण चौथ्या दिवशी त्यानं किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. ठेवताना माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर चारदा मी गुपचूप वर जाऊन लाल कुलूप काढलं होतं. दर वेळी मला वाटायचं, मी मामाला जपतेय.

त्या दिवशीची इमारत नऊ मजल्यांची, एकच लिफ्ट असलेली. काम दोन ठिकाणी होतं. वर मशीनरूममध्ये ब्रेकचं, ते माझ्याकडे. खाली विहिरीच्या तळाशी एक लाल बटण असतं. तळात उतरणाऱ्यानं ते दाबून ठेवलं की गाडी हलत नाही. ते बटणच बिघडलं होतं. ते बदलायला मामा तळात उतरणार होता. गाडी आम्ही चौथ्या मजल्यावर उभी केली, स्विच ओढला, दोघांनी आपापली कुलपं लावली. मामा जिन्यानं खाली गेला. पिशवी माझ्याजवळच ठेवून गेला, हत्यारं तेवढी खिशात.

तीन वाजायच्या सुमाराला माझं काम झालं. मी माझं पिवळं कुलूप काढलं. कडीत लाल एकटं राहिलं. मी जमिनीवर बसून हात पुसत मामाची वाट बघत होते, तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि दारात एक माणूस येऊन उभा राहिला. अनवाणी, अंगात बनियन, तोंडानं श्वास घेत.

"लिफ्ट सुरू करा! आत्ताच्या आत्ता! आईला श्वास घेता येत नाहीये. सातव्या मजल्यावर. अॅम्ब्युलन्स खाली येऊन उभी आहे."

मी ताडकन उठले. हात स्विचकडे गेला आणि कुलपापाशी थांबला.

"एक मिनिट. माझे मामा खाली आहेत. त्यांचं कुलूप आहे."

"मग फोन करा त्यांना!"

मी फोन लावला. मामाचा फोन माझ्या पायाशी, पिशवीत वाजला.

मशीनरूमच्या जमिनीला भोकं असतात, त्यांतून गाडीचे दोर खाली विहिरीत जातात. मी पालथी पडले, भोकाला तोंड लावून ओरडले, "मामाऽऽ!" आवाज खाली गेला तो गेलाच. कान लावला. कसलीशी घरघर, बाकी काही नाही. पुन्हा ओरडले. पुन्हा घरघर.

तेवढ्यात मागून धापा टाकत वॉचमन आला. पोट सावरत, एकेक पायरी शिव्या देत.

"मामा आत आहेत का हो?" मी विचारलं.

"मामा? ते मघाशीच बाहेर गेले की! माझ्या डोळ्यांदेखत गेले. म्हणाले, स्क्रू आणतो."

"परत आले?"

"ते काय माहीत नाही बुवा. मी टाकीत पाणी चढवायला पंपाकडे गेलो. पण खालचं दार बंद आहे. दार उघडं टाकून ते निघून गेले होते, एखादं पोर पडेल आत म्हणून मीच पाचर काढून लावून घेतलं. आताही येताना बघितलं, बंदच आहे."

काम चालू असताना तळमजल्याचं दार आम्ही लाकडी पाचर लावून उघडं ठेवतो, नाहीतर ते आपोआप मिटतं. दार उघडं असलं की गाडी जागची हलत नाही. मामा आत असता तर दार बंद कसं असतं?

"ऐकलंत ना?" सातव्या मजल्यावरचा तो मुलगा म्हणाला. "नाहीयेत ते आत. तोडा ते कुलूप!"

"तोडायला कशाला पाहिजे?" वॉचमन माझ्याकडे बघून बोलला. "बाईंकडे दुसरी किल्ली आहे. मागच्या खेपेला मामा विसरून गेले तेव्हा यांनीच काढलं होतं की. मी गच्चीवर टाकी बघायला आलो होतो."

मुलाचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून माझ्या खिशावर उतरले.

"किल्ली खिशात आहे तुमच्या? आणि तुम्ही मला कुलूप दाखवताय?"

"थांबा जरा, मला विचार—"

"विचार? तिकडे माझी आई निळी पडतेय! तिला काही झालं ना बाई, तर मी तुम्हाला सोडणार नाही. तुमच्या मामाला नाही, तुमच्या कंपनीला नाही. तुम्हाला."

मी किल्ली काढली. बोटं ग्रीसनं माखलेली, ती दोनदा निसटली. तिसऱ्यांदा कुलपात बसली, फिरली, आणि लाल कुलूप माझ्या हातात आलं. आजवर चारदा आलं होतं तसंच, मुकाट.

कडी रिकामी झाली. मी स्विचच्या दांड्यावर हात ठेवला.

गाडी तळमजल्यावर येऊन उभी राहते तेव्हा तिच्या पोटाखाली फार तर गुडघाभर जागा उरते. हे मला मामानंच दाखवलं होतं, पहिल्या आठवड्यात, स्वतः तळात उभं राहून. तेव्हा मी हसले होते.

तो आत नाही, मी स्वतःला सांगत होते. वॉचमननं त्याला जाताना बघितलंय. दार बंद आहे. हाकेला ओ नाही. आणि मामा विसरतोच. आजही विसरला असेल, रस्त्यात कुणी भेटलं असेल, गप्पा मारत बसला असेल.

असेल.

या एका शब्दावर माझा हात अडकला. हे कुलूप दुसऱ्या कुणाचं असतं, तर मी हा हिशेब मांडलाच नसता. लटकतंय म्हणजे माणूस आत आहे, बात खतम. मुलगा माझ्या डोक्यावर उभा राहून ओरडला असता तरी मी ढिम्म हलले नसते. पण मामाच्या कुलपाला मीच चार वेळा खोटं पाडलं होतं. ते आत माणूस असला तरी लटकत होतं, नसला तरी लटकत होतं. त्याच्याकडे बघून आता मला काहीच कळत नव्हतं. पस्तीस वर्षं ज्या लोखंडाच्या भरवशावर माझा मामा अंधारात उतरला, त्याची जीभ मी माझ्या मायेनं छाटून टाकली होती.

मी दांड्यावरचा हात काढला. लाल कुलूप पुन्हा कडीत अडकवलं, दाबलं. खट्.

"हे काय? काय केलंत हे?" मुलगा किंचाळला.

"मी खाली जाऊन बघते. डोळ्यांनी बघितल्याशिवाय सुरू करणार नाही. तोवर तुम्ही आईंना खुर्चीत बसवा आणि उतरवायला लागा. वॉचमनकाका, तुम्ही धरा एका बाजूनं."

"सात मजले? खुर्चीतून?"

"बोलण्यात घालवाल तेवढ्या वेळात दोन मजले उतराल."

त्यानं माझा दंड धरला. जड, घामेजलेला हात. क्षणभर वाटलं, हा किल्ली हिसकावून घेणार. मी मूठ आवळली. वॉचमन मध्ये पडला. "सोडा हो त्यांना, सोडा. चला, आईंना उचलू."

मी धावत सुटले.

नऊ, आठ. सातव्या मजल्यावर दार सताड उघडं होतं. उंबऱ्यातच खुर्चीवर एक म्हातारी बसली होती, पांढरेफटक ओठ, छाती भात्यासारखी वरखाली. शेजारीण तिला वारा घालत होती. मागून मुलगा आला तो ओरडतच, "आई, ही बाई लिफ्ट सुरू करत नाहीये!"

"हळू रे," म्हातारी एकेक शब्द तोडत बोलली. "मला... धाप लागलीय. बहिरी... नाही झाले." मग तिनं माझ्याकडे बघितलं. ती पूर्वी शाळेत शिकवत असावी. तसंच बघितलं, उत्तर येईपर्यंत वाट बघतात तसं.

"आत माणूस असेल, आजी," मी म्हटलं. "नक्की माहीत नाही. पण असेल."

तिनं डोळे मिटून हातानंच सांगितलं: जा.

सहा, पाच, चार. चौथ्यावर गाडीचं बंद दार दिसलं. तीन. माझी सँडल सुटली, तिथंच टाकली. खाली जावं तशी ती घरघर मोठी होत गेली. पंप. विहिरीच्या भिंतीला लागूनच पंपाची खोली होती, आणि पंप असा गरजत होता की मला माझा श्वास ऐकू येत नव्हता. मग माझी हाक कुणाला ऐकू जाणार होती?

तळमजला. दार बंद. पाचर भिंतीशी पडलेली. दार बाहेरून उघडायला वेगळीच तिकोनी किल्ली लागते, ती हत्यारांबरोबर आम्हा दोघांकडेही असते. मी माझी दाराच्या भोकात घालून फिरवली. दार सरकवलं. आत अंधार, ओल्या लोखंडाचा वास.

"मामा!"

अंधारात, माझ्या पायांच्याही खाली, एक लहानसा दिवा वळला. कपाळावर बांधायचा असतो तो. त्याखाली मामाचा चेहरा, दातांत स्क्रू धरलेला.

तो उकिडवा बसला होता. पाठ माझ्याकडे, डोकं गुडघ्यांत, बटणाच्या डबीवर वाकलेला. स्क्रू तोंडातून काढून ओरडला, "काय गं? आग लागल्यासारखी ओरडतेस! हा एक बसवला की झालं बघ."

मी दारातच खाली बसले. मामा काहीतरी बोलत होता, पंपाच्या आवाजात ते अर्धंच येत होतं: "...दुकानदारानं हे एवढे लहान दिले, पुन्हा बदलून आणले..." मी हातानं त्याला वर ये, वर ये, एवढंच करत राहिले.

तो शिडीवरून वर चढला. जमिनीच्या पातळीला त्याचं काळं झालेलं डोकं आलं, नेमकी त्याच वेळी जिन्याच्या वळणावर खुर्ची आली. मुलगा, वॉचमन, आणखी दोन शेजारी. मुलानं ते डोकं बघितलं. जमिनीतून उगवावं तसं दिव्यासकट वर येणारं डोकं. तो जागच्या जागी थबकला, खुर्ची कलली.

"अरे, पुढे... चल ना," म्हातारी म्हणाली.

ते आमच्या अंगावरूनच गेले. दारातून बाहेर पडताना मुलानं मागे वळून विहिरीच्या उघड्या दाराकडे बघितलं, आणि मग स्वतःच्या हातांकडे. म्हातारी पुढे बरी होऊन घरी आली. पण त्या दुपारी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अॅम्ब्युलन्सचं दार लागलं, आवाज करत गाडी गेली. कुणीतरी पंप बंद केला. इमारत एकदम गप्प झाली.

मामा पायरीवर बसून चिंधीनं बोटं पुसत होता. "काय झालं होतं त्यांना? लिफ्ट लागत होती की काय? मला हाक मारायची."

"मारली."

"बरं," मामा म्हणाला. मग त्याचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं. "सँडल कुठाय तुझी?"

न सांगताही चाललं असतं. वॉचमनला चहा पाजला असता तर तोही गप्प बसला असता. मामाला काही कळलं नसतं, आणि उद्या आम्ही दोघं दुसऱ्या इमारतीत दुसरी दोरी धरून उभे असतो.

"मामा, मी तुझं कुलूप काढलं होतं."

त्याची चिंधी थांबली.

"परत लावलं. पण काढलं होतं. तू बाहेर गेलास म्हणाले, दार बंद होतं. मला वाटलं, तू विसरलास."

"हात कुठं होता तुझा?"

"स्विचवर."

मामानं उघड्या दाराकडे बघितलं. आतल्या अंधाराकडे. यमक नाही, विनोद नाही. मला वाटलं, तो मला मारणार. आयुष्यात कधी मारलं नव्हतं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"मी आत बसून गाणं म्हणत होतो," तो अखेर म्हणाला. "निवांत. म्हटलं, वर भाचीबाई आहे."

मला रडू फुटलं. त्यानं समजूत घातली नाही. त्याची नजर भिंतीशी पडलेल्या पाचरीवर गेली, तिच्यावरच राहिली.

"आणि मी परत येऊन उतरलो तेव्हा ही लावायची राहिली."

"वॉचमननं काढली होती ती."

"त्यानं काढली. लावायची मला होती." मग हळूच, जणू चव घेऊन बघावी तसा तो शब्द उच्चारला: "विसरलो."

सहा महिने आमच्या घरात हा शब्द कुणी बोललं नव्हतं. आई म्हणायची, दगदग फार होते त्याची. मी म्हणायचे, कुणाचंही होतं असं. तिघं मिळून आम्ही त्या शब्दावर पांघरूण घालत होतो, आणि पांघरुणाखाली मामा एकटाच होता.

"किल्ली दे," तो म्हणाला. मी दिली. ती त्यानं न बघता खिशात टाकली. "साहेबांचा नंबर लाव."

"मी सांगते त्यांना. चूक माझी आहे. किल्ली मी करायला लावली."

"तुझी चूक तू सांग. माझी मला सांगू दे. आधी मी."

"मामा, ते तुला गोदामात बसवतील."

"बसवतील." त्यानं ओठ घट्ट मिटले, पुन्हा उघडले. "बसवू देत. त्या बाईंना सात मजले खुर्चीतून उतरवलं लोकांनी. माझ्या एका कुलपाचा भरवसा राहिला नाही म्हणून. लाव नंबर."

मी माझ्या फोनवरून नंबर लावला, स्पीकर केला. घंटा वाजत राहिली. मामानं सदऱ्याची वरची गुंडी लावली, जणू साहेब समोर येऊन बसणार होते.

"हं, बोला," साहेबांचा आवाज आला. "झालं का काम?"

"झालं, साहेब. एक स्क्रू राहिलाय." मामा फोनकडे वाकला. "दुसरंच सांगायचं होतं. मी... मला आताशा आठवत नाही, साहेब. कामातलं. मी विसरतो."

मग साहेब वेगळ्याच आवाजात बोलले, लेखी देणाऱ्या साहेबाचा तो नव्हता.

"कधीपासून?"

मामा विचार करायला लागला. बोटं उलगडली, मिटली, पुन्हा उलगडली. कपाळावरचा दिवा विझवायचा राहून गेला होता. तो भर दुपारी माझ्या तोंडावर पडत होता. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, अगदी लहान मुलासारखं, आणि फोनकडे मान केली.

"तू सांग गं. मला नाही आठवत."

मी फोन जवळ घेतला, आणि अगदी पहिल्या पक्कडीपासून सांगायला सुरुवात केली.